ओहम मास्तर

दहावीच्या विज्ञानात सर्वांत लहान सूत्र बहुधा ओहमच्या नियमाचे असेल. तारेच्या दोन टोकांमधले व्होल्टेज मोजायचे, तिच्यातून जाणारा करंट मोजायचा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. उत्तर येते तो त्या तारेचा रेझिस्टन्स. आमचे शिक्षण इंग्रजीतून होते, पण आई मराठी माध्यमात शिकली आणि ती याला रोध म्हणते. शब्द छोटा आहे, म्हणून इथे मीही तोच वापरतो. भागण्याऐवजी गुणाकार केला की विजेची शक्ती मिळते, वॅटमध्ये. परीक्षेत हे गणित अर्ध्या मिनिटात सुटते.

आमच्या पुस्तकात ओहम यांच्या वाट्याला एकच वाक्य आले आहे: १८२७ साली या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने हा संबंध शोधला. मी या वर्षी ग्रंथालयात त्यांच्याविषयी मिळेल ते वाचले, तेव्हा हे वाक्य मला पुरेनासे झाले. त्यांचा मुख्य प्रयोग १८२६ च्या जानेवारीतला आहे. त्या वेळी ते कुठल्या विद्यापीठात नव्हते, एका शाळेत गणित शिकवत होते. आणि हा नियम छापून आल्यानंतरची त्यांची काही वर्षे एका सैनिकी संस्थेत गणिताचे तास घेण्यात गेली. आपल्या मासिकात त्यांच्यावर लिहायला एवढे कारण मला पुरेसे वाटले.

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतल्या एरलांगेन गावी झाला. वडील योहान कुलपे बनवणारे कारागीर होते, आई शिंप्याची मुलगी. सात भावंडांपैकी तीनच जगली: जॉर्ज, त्याचा धाकटा भाऊ मार्टिन आणि एक बहीण. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. वडिलांचे शिक्षण शाळेत झालेले नव्हते, पण त्यांनी दिवसा धातू घासून उरलेल्या वेळात स्वतःच गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि तत्त्वज्ञान वाचले होते आणि तेच ते मुलांना शिकवत. गावातल्या शाळेत विज्ञान फारसे नव्हतेच; जे होते ते घरी. एरलांगेन विद्यापीठातले प्राध्यापक लांग्सडॉर्फ यांनी या दोन्ही भावांची एकदा परीक्षा घेतली आणि ते इतके खूश झाले की त्यांनी कुलूपवाल्याच्या मुलांची तुलना थेट बर्नोली घराण्याशी केली. बर्नोली म्हणजे ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गणिती जन्मले ते. जॉर्ज तेव्हा साधारण माझ्या वयाचा होता.

पुढची गोष्ट पालक वाचत असतील म्हणून जरा जपून लिहितो. १८०५ मध्ये, सोळाव्या वर्षी, जॉर्ज विद्यापीठात दाखल झाला आणि तिथे तो अभ्यासापेक्षा नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरचे स्केटिंग यांत जास्त रमला. ही बातमी वडिलांपर्यंत पोचली. आपल्याला जे कधी मिळाले नाही ते पोरगा वाया घालवतोय, हे त्या माणसाला सहन झाले नाही. तीन सत्रांनंतर त्यांनी त्याला विद्यापीठातून काढले आणि १८०६ च्या सप्टेंबरात स्वित्झर्लंडला एका शाळेत गणित शिकवायला धाडून दिले. सतरा वर्षांचा मास्तर! पुढच्याच महिन्यात नेपोलियनने येना इथे प्रशियाचे सैन्य मोडले आणि एरलांगेनमध्ये फ्रेंच आले. म्हणजे घराकडे परतायलाही दिवस बरे नव्हते.

स्वित्झर्लंडमध्ये जॉर्ज सुधारला असे मी म्हणणार नाही, कारण त्याचे डोके आधीपासूनच चांगले होते. पण तिथे तो एकट्याने अभ्यास करायला शिकला. लांग्सडॉर्फ हायडेलबर्गला गेले होते, जॉर्जला त्यांच्यामागे तिथे जायचे होते. त्यांनी सांगितले की येऊ नको, त्यापेक्षा ऑयलर, लाप्लास आणि लाक्र्वा यांची पुस्तके स्वतः वाच. जॉर्जने ती वाचली. १८११ मध्ये तो एरलांगेनला परतला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात डॉक्टरेट घेऊन विद्यापीठात शिकवू लागला. पण त्या कामात पोट भरेना. तीन सत्रांनी ते सोडून त्याने बांबेर्ग गावातल्या एका सुमार शाळेत नोकरी धरली, ती शाळाही १८१६ मध्ये बंद पडली. भूमितीवर त्याने एक पुस्तक लिहिले होते, ते प्रशियाच्या राजाला पाठवले. त्या पुस्तकाच्या जोरावर १८१७ मध्ये कोलोन शहरात, पूर्वी जेझुइट पंथीयांकडे असलेल्या शाळेत त्याला गणित आणि भौतिकशास्त्राच्या शिक्षकाची जागा मिळाली. इथून पुढे मी त्यांना आदराने ओहम म्हणतो. त्या शाळेची प्रयोगशाळा चांगली होती, हे मात्र नशीब म्हणायला हवे.

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांना दिसले की करंट वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते. या बातमीने युरोपातले सगळे शास्त्रज्ञ खडबडून जागे झाले, आणि ओहमही. कारण आता करंट मोजायला साधन मिळाले: सुई जितकी जोरात ढकलली जाईल तितका करंट जास्त. ओहम यांनी प्रश्न अगदी साधा घेतला. तार लांब केली की सुईवरचा जोर कमी होतो हे सर्वांना दिसत होते. पण किती कमी होतो, कोणत्या हिशोबाने?

आज हा प्रश्न सोपा वाटतो, कारण आपल्याकडे व्होल्टमीटर, अँमीटर आणि स्थिर व्होल्टेज देणारा सेल आहे. त्यांच्याकडे यातले काहीच नव्हते. व्होल्टेज म्हणजे नक्की काय, यावरही एकमत नव्हते. सर्वांत मोठी अडचण बॅटरीची होती. व्होल्टाची बॅटरी जोडताक्षणी जोर दाखवी आणि लगेच उतरू लागे, कारण तांब्याच्या पट्टीवर हायड्रोजनचे बुडबुडे जमतात आणि वाट अडवतात. तार काढली की ती पुन्हा थोडी सावरे. अशा बॅटरीवर मोजमाप करणे म्हणजे दर मिनिटाला लांबी बदलणाऱ्या फूटपट्टीने मैदान मोजण्यासारखे आहे.

तरीही १८२५ मध्ये ओहम यांनी मोजमापे केली, त्यांतून लॉगरिदम असलेले एक सूत्र काढले आणि घाईने छापले. ते चूक होते. त्यांच्या चरित्रातला हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण ते त्या चुकीला चिकटून बसले नाहीत. पोगेनडॉर्फ नावाच्या संपादकांनी त्यांना सुचवले की बॅटरी सोडा आणि झेबेक यांची युक्ती वापरून पाहा. झेबेक यांनी १८२१ मध्ये दाखवले होते की दोन वेगळ्या धातूंचे दोन सांधे केले, एक गरम आणि एक थंड ठेवला, तर त्या वेटोळ्यात विजेचा परिणाम दिसतो. हा जोर फार थोडा असतो, पण दोन्ही टोकांचे तापमान बदलले नाही तर तोही बदलत नाही. आणि तापमान न बदलू देण्याचा उपाय प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. उकळते पाणी जोपर्यंत उकळते आहे तोपर्यंत आपले तापमान सोडत नाही, आणि वितळता बर्फ वितळेपर्यंत शून्यावरच राहतो.

ओहम यांनी बिस्मथ आणि तांब्याची जोडी घेतली. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. सुई सोन्याच्या चपट्या पट्टीला टांगलेली. करंट सुरू झाला की सुई वळे, मग वरची मूठ पिरगळून तिला पुन्हा जागेवर आणायचे, आणि किती पिळावे लागले ते मोजायचे. जितका पीळ तितका करंट. उपकरणाची आखणी त्यांचीच होती. कुलूपवाल्याच्या मुलाला बारीक धातुकामाची भीती वाटली नसणार.

मग त्यांनी एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या: २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच लांबीच्या. ८ जानेवारी १८२६ ला त्यांना सर्वांत आखूड तारेसाठी ३२६.७५ भाग पीळ मिळाला आणि सर्वांत लांब तारेसाठी ४८.५. मधल्या तारांचे आकडे या दोघांच्या मध्ये उतरत जातात. या सर्व आकड्यांना बसणारे सूत्र त्यांनी शोधले. तारेच्या लांबीत २०.२५ मिळवा आणि त्या बेरजेने ७२८५ ला भागा.

मी कॅल्क्युलेटरवर हे करून पाहिले, आणि तुम्हीही पाहा. २ इंच तारेसाठी ७२८५ भागिले २२.२५, म्हणजे ३२७.४, त्यांनी मोजले होते ३२६.७५. ४ इंचांसाठी सूत्र ३००.४ सांगते, मोजलेले ३००.७५. १० इंचांना जरा फरक पडतो, २४०.८ च्या जागी २३८.२५. १३० इंचांसाठी सूत्र ४८.५ आणि मोजलेलेही ४८.५. सोन्याची पट्टी, बर्फ आणि उकळत्या पाण्याचे भांडे घेऊन एका शाळामास्तराने दोनशे वर्षांपूर्वी काढलेले हे आकडे आहेत. आमच्या प्रयोगवहीत इतके जुळणारे आकडे आले तर सर आधी संशयाने बघतील.

या सूत्रातला ७२८५ म्हणजे ज्याला आपण आज व्होल्टेज म्हणतो त्याचे माप. ओहम यांनी तापमानांतला फरक कमी केला तेव्हा तो आकडा उतरला, पण २०.२५ मात्र तसाच राहिला. म्हणजे २०.२५ चा संबंध जोराशी नाही, वाटेशी आहे. उपकरणाच्या आतल्या भागाचा अडथळा २०.२५ इंच तारेइतका होता, इतकाच त्याचा अर्थ. बारावीच्या पुस्तकात सेलचा अंतर्गत रोध म्हणून जो येतो तो हाच. करंट म्हणजे व्होल्टेज भागिले एकूण रोध, हे त्या आठ तारांतून निघाले. तारेची लांबी दुप्पट केली की रोध दुप्पट, जाडीचे क्षेत्रफळ दुप्पट केले की रोध निम्मा, हेही त्यांनीच मांडले.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. इंग्लंडमधले हेन्री कॅव्हेंडिश १७८१ मध्येच जवळपास याच निष्कर्षाला पोचले होते. त्यांच्याकडे सुईही नव्हती, म्हणून ते विजेचा झटका स्वतःच्या अंगात घेत आणि दोन झटके सारखे लागले का ते ठरवत. म्हणजे अँमीटर ते स्वतःच होते. पण कॅव्हेंडिश इतके अबोल होते की त्यांनी हे कुठे छापलेच नाही. त्यांचे कागद मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केले, तोवर ओहम जाऊन पंचवीस वर्षे झाली होती. म्हणून नियमाला ओहम यांचे नाव आहे ते मला योग्य वाटते. जो शोधतो आणि सांगतही नाही, त्याचा इतरांना काय उपयोग?

आता ओहम यांना वाटले की विद्यापीठाचे दार उघडेल. शाळेकडून त्यांनी निम्म्या पगारावर एक वर्षाची रजा घेतली आणि ते बर्लिनला मार्टिनकडे गेले. मार्टिनही तोवर नावाजलेला गणिती झाला होता. तिथे बसून त्यांनी १८२७ मध्ये विद्युत मंडलाचे गणित मांडणारे पुस्तक छापले. आमच्या पुस्तकातले १८२७ आले ते इथून. पुस्तकाचे स्वागत थंड झाले. बर्लिनच्या काही विद्वानांना प्रयोग आणि गणित यांपेक्षा निसर्गाविषयीचे तत्त्वज्ञान महत्त्वाचे वाटत होते. पोल नावाच्या एका भौतिकशास्त्रज्ञाने तर पुस्तकावर कडक टीका केली. विद्यापीठाची जागा मिळाली नाही.

बहुतेक ठिकाणी ही गोष्ट अशी सांगतात की जग मूर्ख होते आणि ओहम एकटे शहाणे. मला ते अर्धेच पटते. १८२६ चा लेख आठ तारांचा आहे, तो कोणालाही कळेल. पण १८२७ च्या पुस्तकात त्यांनी फूरियर यांच्या उष्णतेच्या गणितावरून सगळी उभारणी केली आणि स्वतःचे सुरेख आकडे मागे ठेवले. ज्या प्रयोगाने कोणाचीही खात्री पटली असती तो पुढे न करता त्यांनी अवघड समीकरणे पुढे केली. सेनापतीने आपली सर्वांत चांगली तुकडी राखीव ठेवून लढाई सुरू करावी, तसे हे झाले.

पण त्याची किंमत मोठी होती. १८२८ च्या मार्चमध्ये त्यांनी कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. वय ३९. लग्न केले नव्हते आणि पुढेही केले नाही. हातात पक्की नोकरी नाही. तेव्हा त्यांनी बर्लिनच्या युद्धशाळेत गणिताचे तास घेतले. ही आपल्यासारखी मुलांची शाळा नव्हती, प्रशियाच्या तरुण अधिकाऱ्यांची होती. १८१८ पासून १८३० पर्यंत तिचे संचालक होते जनरल क्लाउझेविट्झ, ज्यांचे युद्धावरचे पुस्तक आजही जगभरच्या सैनिकी महाविद्यालयांत वाचतात. म्हणजे काही काळ एकाच संस्थेत कार्यालयात क्लाउझेविट्झ होते आणि वर्गात ओहम. क्लाउझेविट्झ यांचे पुस्तकही ते हयात असताना छापले गेले नाही. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीने ते प्रसिद्ध केले. त्या एका इमारतीत किती मोठे काम किती शांतपणे चालले होते! वर्गातल्या त्या अधिकाऱ्यांना आपले गणिताचे मास्तर कोण आहेत याची कल्पना असेल असे मला वाटत नाही.

१८३३ मध्ये त्यांना न्यूर्नबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापकाची जागा मिळाली आणि १८३९ मध्ये ते तिथले संचालक झाले. मान होता, पण विद्यापीठ नव्हते ते नव्हतेच.

दरम्यान बाहेरचे जग तारेपाशी येऊन अडले होते. १८२५ मध्येच इंग्लंडच्या बार्लो यांनी दोनशे फूट तारेवर प्रयोग करून सांगितले होते की अंतराबरोबर जोर इतका घटतो की विजेने संदेश पाठवणे शक्य नाही. बार्लो हेसुद्धा वुलिचच्या सैनिकी अकादमीत गणित शिकवत. दोनशे फुटांत हार मानावी लागली तर मैलांचे काय? पण ओहम यांचा हिशोब समोर ठेवला की घाबरायचे कारण उरत नाही. लांब तारेने रोध वाढतो, तर व्होल्टेज वाढवा, तार जाड करा आणि करंट किती येईल ते आधीच कागदावर काढा. रशियात लेंझ, जर्मनीत गाउस आणि वेबर, इंग्लंडमध्ये व्हीटस्टन हे सगळे ओहम यांच्या नियमावर विसंबून काम करू लागले. १८४१ मध्ये पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर छापले आणि त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहम यांना कॉप्ली पदक दिले. हे पदक त्यांच्या आधी बेंजामिन फ्रँकलिन आणि व्होल्टा यांना मिळाले होते. १९८४ मध्ये ते आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना मिळाले. घरच्यांच्या आधी परक्यांनी ओळखले.

आता शक्तीचे सूत्र. ते ओहम यांचे नाही, हे बऱ्याच मुलांना माहीत नसते. इंग्लंडमध्ये एका बिअरच्या कारखानदाराचा मुलगा, जेम्स जूल, याने वयाच्या बाविसाव्या वर्षी तारा पाण्यात बुडवून पाणी किती तापते ते मोजले. १८४१ मध्ये त्याने दाखवले की तारेतली उष्णता करंटच्या वर्गाला रोधाने गुणले की मिळते. व्होल्टेज गुणिले करंट हे आपले सूत्र आणि ओहमचा नियम एकत्र केले की नेमके हेच येते. व्होल्टेजच्या जागी करंट गुणिले रोध लिहा, झाले. करंटऐवजी व्होल्टेज ठेवायचे असेल तर व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध.

वर्गात इथे नेहमी गोंधळ होतो. एक सूत्र म्हणते रोध वाढला की शक्ती वाढते, दुसरे म्हणते रोध वाढला की शक्ती कमी होते. खरे कोणते? दोन्ही. प्रश्न एवढाच की कायम काय आहे. घरातल्या सगळ्या वस्तूंना सारखेच २३० व्होल्ट मिळतात. २००० वॅटचा गिझर घ्या. २००० ला २३० ने भागले की करंट ८.७ अँपिअर येतो आणि २३० ला ८.७ ने भागले की रोध साधारण २६ ओहम. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब घ्या. करंट ०.२६ अँपिअर, रोध सुमारे ८८० ओहम. म्हणजे जास्त शक्तीच्या वस्तूचा रोध कमी. आता तोच बल्ब बंद आणि थंड असताना मल्टिमीटरने मोजला तर रोध याच्या दहाव्या भागाच्या आसपासच दिसतो, कारण धातू तापला की त्याचा रोध वाढतो. ओहम बर्फ आणि उकळते पाणी घेऊन का बसले होते ते इथे पुन्हा कळते. तापमान हातातून सुटले की आकडेही सुटतात.

जिथे करंट ठरलेला असतो तिथे पहिले सूत्र कामाचे. समजा कॅम्पमध्ये जनरेटर तंबूंपासून १०० मीटरवर ठेवला आणि दिवे, पंखे, पंप मिळून १० अँपिअर लागतात. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली, तर जाणारी १०० आणि परतणारी १०० अशा २०० मीटरचा रोध सुमारे २.३ ओहम. करंट गुणिले रोध, म्हणजे २३ व्होल्ट वाटेतच जातात आणि तंबूत २०७ उरतात. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे २३० वॅट तार तापवण्यात खर्च होतात. जनरेटर देतो २३०० वॅट, त्यातला दहावा हिस्सा गवतावर गेला. ४ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर रोध ०.८५ वर येतो आणि नुकसान ८५ वॅटवर. रात्री मंद दिवे पाहून जनरेटरला दोष देणाऱ्यांनी आधी तार बघावी. हे गणित करायला ओहमच्या आठ तारांपेक्षा जास्त काहीच लागत नाही.

ओहम यांना विद्यापीठाने बोलावले ते फार उशिरा. १८४९ मध्ये ते म्युनिकला गेले, तिथल्या अकादमीची उपकरणे सांभाळू लागले आणि विद्यापीठात व्याख्याने देऊ लागले. भौतिकशास्त्राचे पूर्ण प्राध्यापकपद त्यांना १८५२ मध्ये मिळाले, तेव्हा ते ६३ वर्षांचे होते. एरलांगेनमधली शिकवणी सोडल्याला चाळीस वर्षे होत आली होती. ते पद त्यांना दोनच वर्षे लाभले. ६ जुलै १८५४ रोजी ते म्युनिकमध्ये वारले. त्याच वर्षी आपल्याकडे कलकत्ता आणि आग्रा या शहरांमध्ये तारायंत्र सुरू झाले होते.

त्यांच्या नावाचे एकक मात्र एका मोठ्या नुकसानीतून आले. १८५८ मध्ये अटलांटिक समुद्राखालून पहिली तार टाकली. तिच्यावरचे विद्युत अधिकारी व्हाइटहाउस हे पेशाने डॉक्टर होते. संदेश नीट जात नाही म्हणून त्यांनी सुमारे दोन हजार व्होल्ट लावले आणि तीनेक आठवड्यांत ती तार निकामी झाली. केवढा पैसा समुद्रात गेला! तेव्हा सर्वांना कळले की रोध मोजायला सगळीकडे एकच माप हवे. १८६१ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांची समिती त्या कामाला लागली आणि १८८१ मध्ये पॅरिसच्या परिषदेत ओहम, व्होल्ट आणि अँपिअर ही नावे सर्व देशांनी मान्य केली. ओहमसाठी ओमेगा हे ग्रीक अक्षर घेतले, कारण रोमन लिपीतला ओ लिहिला तर तो शून्यच वाटला असता.

रोधाच्या उलट, म्हणजे तार करंटला किती सहज जाऊ देते, त्यासाठीही एकक हवे होते. लॉर्ड केल्व्हिन यांनी ओहमचे स्पेलिंग उलटे केले आणि त्याला म्हो हे नाव दिले. जुन्या पुस्तकांत ते अजून दिसते, उलट्या ओमेगासह. १९७१ मध्ये त्याच्या जागी सिमेन्स हे नाव आले. हे वर्नर सिमेन्स प्रशियाच्या तोफखान्यातले अधिकारी होते. तरुणपणी ते बर्लिनच्या तोफखाना आणि अभियांत्रिकी शाळेत शिकले, आणि तिथे त्यांना गणित शिकवणाऱ्या मास्तरांचे नाव होते ओहम. जॉर्ज नव्हे, त्यांचा धाकटा भाऊ मार्टिन.